वाटीभर वरणात किती प्रोटीन?

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो, राहतो कोथरूडला. गेले सहा महिने संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की घरी न येता थेट जिम गाठतो. वजन ६४ किलो. मागे एका रविवारी आला तो हिरमुसलेलाच. "मावशी, वजनं आधीपेक्षा कितीतरी जास्त उचलतो, पण खाल्लेलं अंगाला लागतच नाही. पावडर सुरू करू का?"

मी म्हटलं, "आधी तू दिवसभरात खातोस काय ते मोजू, मग पावडरीचं बघू."

स्वयंपाकघरातला छोटा काटा ओट्यावर मांडला. आमच्याकडे चार माणसांच्या वरणाला एक लहान वाटी तूरडाळ लागते. ती भरली १०० ग्रॅम. तूरडाळीत साधारण २२ टक्के प्रथिनं असतात, म्हणजे कुकरातल्या सगळ्या डाळीत मिळून २२ ग्रॅम. चौघांत वाटली की एकेकाच्या वाट्याला साडेपाच. वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण तिच्यात डाळ २५ ग्रॅम आणि बाकी पाणी. भाचा त्या वाटीकडे बघतच राहिला. त्याच्या हिशेबी वरण म्हणजे प्रोटीन, आणि वरण तर तो रोज खात होता.

मग सगळा दिवस कागदावर मांडला. दोन वेळचा चहा, त्यातल्या दुधाचे ३ ग्रॅम. सकाळी बशीभर पोहे, वर दाणे, ७ ग्रॅम. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, १२. जिमनंतर एक केळं, १. रात्री वरण, भात, एक पोळी, कोशिंबीर, १५. बेरीज चाळिसाच्या आत. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेली साध्या, बैठं काम करणाऱ्या माणसाची रोजची मात्रासुद्धा दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. ६४ किलोला ती होते ५३ ग्रॅम. वजनं उचलणारा मुलगा न उचलणाऱ्याच्या गरजेपेक्षाही कमी खात होता.

मग ताकद वाढली ती कशी? व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायूतले जास्तीत जास्त तंतू एकाच वेळी कामाला कसे लावायचे, हे मेंदू आणि मज्जारज्जू शिकतात. स्नायू जाड होणं हे त्यानंतरचं काम, आणि त्याला माल लागतो.

हा माल कसा वापरला जातो, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर कोडं वाटतं. स्नायू म्हणजे एकदा बांधून ठेवलेली भिंत, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिच्या विटा रोज काढल्या जातात आणि रोज नव्या बसवल्या जातात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस रुडॉल्फ शोएनहायमर यांनी जड नायट्रोजनची खूण केलेली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, उंदरांना खाऊ घातली आणि ती शरीराच्या जुन्या ऊतींमध्ये जाऊन बसलेली त्यांना सापडली. प्रौढ शरीरही सतत मोडत आणि घडत असतं, हे तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. आपल्या स्नायूंतली साधारण एक ते दोन टक्के प्रथिनं रोज बदलली जातात. वजनं उचलल्यावर हे घडण्याचं काम वेग घेतं, आणि तो वेग निदान २४ तास टिकतो. म्हणून जिममधून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात काही प्यायलं नाही तर व्यायाम वाया गेला, ही भीती मनातून काढून टाकावी. मोडणं जास्त की घडणं जास्त, याचा हिशेब सगळ्या दिवसाचा असतो.

घडण्याचं काम सुरू व्हायला मात्र एक इशारा लागतो. तो देतं ल्युसिन हे अमिनो आम्ल. पेशीत एमटॉर नावाचं एक प्रथिन आहे. पुरेसं ल्युसिन आलेलं कळलं की ते बांधकामाला परवानगी देतं. या नावामागे एक लांबची गोष्ट आहे. प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात. त्या बेटाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर एक औषधी द्रव्य वेगळं केलं आणि बेटावरून त्याला रॅपामायसिन हे नाव पडलं. हे द्रव्य पेशीतल्या ज्या प्रथिनाला गप्प बसवतं, ते एमटॉर; नावातल्या 'टॉर'चा अर्थच 'टार्गेट ऑफ रॅपामायसिन', रॅपामायसिनचं लक्ष्य. त्याला जागं करायला एका जेवणात साधारण दोन ते तीन ग्रॅम ल्युसिन लागतं, म्हणजेच चांगल्या दर्जाची २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. आमच्या वाटीभर वरणात ल्युसिन जेमतेम ०.४ ग्रॅम. माझ्या मते पुण्यातल्या बहुतेक मध्यमवर्गीय ताटांची खरी अडचण इथेच आहे. प्रथिनं आपण दिवसभर खातो, पण प्रत्येक वेळी इतकी थोडी की इशारा पोचतच नाही.

एकूण किती खावीत, यावर २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून १,८०० हून अधिक माणसं होती. दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनं वाढवली तर वजनं उचलणाऱ्यांना फायदा होतो. त्याच्या पुढे सरासरीने फारसा नाही. भाच्यासाठी हा आकडा १०२ ग्रॅम. याच अभ्यासातली दुसरी गोष्टही मी त्याला सांगितली: वाढलेल्या स्नायूतला मोठा वाटा व्यायामाचाच होता, जादा प्रथिनांनी त्यात थोडीशी भर घातली. पण त्या प्रयोगांतली माणसं मुळातच दर किलोला सव्वा-दीड ग्रॅमच्या आसपास खात होती. भाचा ०.६ वर होता. खड्डा मोठा असेल तर भरावाचा परिणामही मोठा दिसतो.

आता थोडं पुण्याबद्दल, कारण हा विषय आपल्या शहरात फक्त दंडांपुरता राहत नाही. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर: रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघं सारखेच सडपातळ, आतून एकात स्नायू जास्त तर दुसऱ्यात मेद. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत जन्मलेल्या बाळांचाही अभ्यास केला. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, पण आतून मेदाळ शरीर आपल्यातले बरेच जण जन्मापासूनच घेऊन येतात.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा हिस्सा स्नायूच उचलतात. स्नायू कमी तर साखर ठेवायची जागा कमी. सडपातळ दिसणाऱ्या माणसाला चाळिशीत मधुमेह निघतो तेव्हा घरचे चक्रावतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. म्हणून भाच्याने आरशासाठी का होईना जिम धरली, याचा मला मनापासून आनंद आहे.

याच कारणाने "भरपूर खा, मग अंग धरेल" हा सल्ला मी सरसकट देत नाही. पेठांतल्या जुन्या तालमींत पैलवानांचा खुराक म्हणजे बदाम, तूप, लिटरभर दूध, थंडाई. तो खुराक तासन्तास जोर-बैठका मारणाऱ्या आणि मातीत लढणाऱ्या शरीरासाठी होता. २० बदामांत ५ ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ १४० कॅलरी असतात. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याने तेवढाच खुराक घेतला तर स्नायूच्या आधी पोट वाढेल. खरोखर हडकुळ्या मुलाने रोज ३००-४०० कॅलरी जास्त खाव्यात. त्याशिवाय वजन चढणार नाही. पण हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं असेल तर एकूण जेवण तेवढंच ठेवून त्यातली प्रथिनं वाढवावीत. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांत स्नायू वाढणं आणि चरबी घटणं एकाच वेळी होऊ शकतं.

भाच्याच्या घरी अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. ज्यांना चालतात त्यांचं काम सोपं आहे: गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेल्या बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम प्रथिनं, कोंबडीच्या कच्च्या मांसातही २२ च्या आसपास. आम्ही याचं ताट असं बदललं. सकाळी पोहे निम्मे, सोबत दोन उकडलेली अंडी आणि मोठा पेला दूध: २४ ग्रॅम. अंडी नकोत त्या दिवशी मुगाची धिरडी आणि दही. डब्यात पोळ्या तीनच, पण बटाट्याच्या जागी मटकीची दाट उसळ, माणशी ५० ग्रॅम कोरडी मटकी धरून, आणि दही: २६. जिमनंतर मूठ-दीड मूठ फुटाणे आणि परत पेलाभर दूध: १७. रात्री ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा किंवा १०० ग्रॅम पनीर, दोन पोळ्या, आणि वरण दाट, पळीने वाढलं तर पसरणार नाही इतकं: ३०. बेरीज ९७. एकही अनोळखी पदार्थ नाही, आणि चारही वेळांना त्या इशाऱ्याच्या जवळपास जाईल एवढा माल.

सोयाबीनच्या वड्यांना आपल्याकडे उगाच कमी लेखतात. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि शाकाहारी पदार्थांत इतकी समतोल अमिनो आम्लं फार थोड्यांत मिळतात. इतर डाळींत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, धान्यांत लायसिन. डाळ-भात किंवा पिठलं-भाकरी एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. फक्त ताटातलं प्रमाण धान्याकडे फार झुकलेलं नको. गव्हागव्हांतही फरक असतो: आपल्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या 'एमएसीएस ४०२८' या बन्सी वाणात १४.७ टक्के प्रथिनं आहेत. कडधान्याला मोड आणल्याने प्रथिनं वाढत नाहीत, वाढतं ते पाणी. पण पचायला ती सोपी होतात. वनस्पतींतली प्रथिनं अंड्या-दुधाइतकी पूर्ण पचत नाहीत, म्हणून शाकाहाऱ्यांनी हिशेब थोडा हात सैल सोडूनच करावा.

उपवासाचा दिवस वेगळा सांभाळावा लागतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत जे काही प्रथिन असतं ते दाण्याच्या कुटाचं. त्यापेक्षा राजगिऱ्याची लाही दुधात घालून खावी. राजगिऱ्यात १४ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत आणि लायसिनही चांगलं आहे.

भाकरी-भाताला मात्र खलनायक करू नये. वजनं उचलताना स्नायू जाळतात तो ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, आणि तो मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून बनतो. भात बंद करून जिमला जाणारी मुलं तिसऱ्या सेटला थकतात.

राहिली पावडर. व्हे म्हणजे चीज करताना दुधातून निघणाऱ्या पाण्यातली प्रथिनं, वाळवून भुकटी केलेली. ती विष नाही आणि जादूही नाही. एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर ल्युसिन. प्रवासात किंवा डबा चुकला त्या दिवशी सोयीची. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळायला सांगितलं आहे, आणि त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्या तपासल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच डब्यांत लेबलावर लिहिल्यापेक्षा कमी प्रथिनं निघाली. ताट भरलं नसताना डबा विकत घेणं मला पटत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत. निरोगी माणसाला इथे सांगितलेल्या प्रमाणाने अपाय झाल्याचं दिसलेलं नाही.

क्रिएटिन हे स्नायूला झटपट ऊर्जा पुरवणारं द्रव्य मात्र भरपूर तपासलं गेलेलं पूरक आहे. ते मांसातून मिळतं, म्हणून शाकाहाऱ्यांच्या स्नायूत त्याचा साठा मुळात कमी असतो. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं. रक्ततपासणीच्या वेळी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी, कारण अहवालात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम जोखायला मोजतात तो घटक, वाढलेलं दिसू शकतं.

आणि बी-१२ जीवनसत्त्व. याज्ञिक यांच्याच गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा तिघांपैकी दोघांत ते कमी निघालं होतं. ते कमी असेल तर माणूस थकतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि व्यायामात मन लागत नाही. भाच्याला मी पहिली तपासणी हीच करायला लावली. त्याचं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या.

हे सगळं चाललेलं असताना माझी आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. वय ७४. पूर्वी रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायची. हल्ली अर्ध्यावर बसावं लागतं म्हणून जाणं सोडलं आहे. तिचं रात्रीचं जेवण म्हणजे मूठभर मऊ दूधभात. उतारवयात स्नायूंना तो इशारा लवकर ऐकू येत नाही. तरुणाला एका जेवणात २० ग्रॅम पुरत असतील तर त्यांना जास्त लागतात, आणि नेमकं त्याच वयात ताट लहान होतं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

भाच्याने आजीला खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला शिकवलं आहे. सध्या आठच्या दोन फेऱ्या होतात. दूधभात तिला सुटणार नाही, म्हणून मी भात निम्मा केला आणि आधी वाटीभर दाट मुगाचं वरण, वर चमचाभर तूप, असं तिच्यापुढे ठेवते. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, सकाळी पर्वतीला किती वाजता उजाडतं आताशा.