अकरावीतून गळलेला धडा आणि रिक्षाची रांग

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत यंदा दोन मुली अकरावी सायन्सला आहेत. एक सीबीएसईची, दुसरी आपल्या बोर्डाची. दोघींना पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचंय. (ठाण्यात अकरावीच्या पोराने दुसरं काही करायचं म्हटलं, तर घरचे आधी ताप बघतात.) परवा जिन्यात दोघींची जुंपली होती.

"काका, हा इंडक्शनचा चॅप्टर आमच्यात नाहीच!" सीबीएसईवाली खुशीत होती.

"नशीबवान आहेस," दुसरी म्हणाली. "जे सिद्ध करायचं तेच आधी खरं मानायचं म्हणे. सरळ चीटिंग आहे."

दोघींचंही बोलणं मला लागलं. पहिलीची गोष्ट खरी आहे. कोविडनंतर मुलांवरचा भार हलका करण्यासाठी सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने पुस्तकांना कात्री लावली. त्यात अकरावीच्या गणितातून दोन अख्खी प्रकरणं गेली, एक मॅथेमॅटिकल इंडक्शनचं (पहिल्यापासून सुरू करून पायरीपायरीने सगळ्या संख्यांसाठी विधान सिद्ध करायची रीत) आणि दुसरं मॅथेमॅटिकल रिझनिंगचं, म्हणजे तर्काचं. २०२४ च्या जेईई मेनच्या अभ्यासक्रमातूनही हीच दोन गळाली. आता गंमत बघा. मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सेमिस्टरला 'डिस्क्रीट स्ट्रक्चर्स अँड ग्राफ थिअरी' हा विषय होता. त्याचं पहिलंच मॉड्यूल तर्क आणि इंडक्शनचं! अकरावीच्या दारातून घालवलेला पाहुणा दोन-तीन वर्षांनी खिडकीतून आत येतो, आणि तोवर मुलांना त्याची तोंडओळखही नसते.

आपल्या बोर्डाच्या २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात इंडक्शन आहे, आणि बारावीचं तर पहिलंच प्रकरण लॉजिकचं. पण सीईटी बहुपर्यायी. चार पर्यायांत सिद्धता कशी विचारणार? त्यामुळे क्लासवाले हा धडा वरवरच शिकवतात.

आधी बाकीच्या गणिताचं पटकन सांगून टाकतो, कारण 'शाळेतलं गणित कोडिंगला कुठे लागतं?' हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात. नववीतले संच म्हणजे डेटाबेसचा पाया. बारावीच्या मेट्रिक्स मोबाईलवरच्या गेममधली गाडी वळवतात. संभाव्यता आणि डेरिव्हेटिव्ह यांच्यावर आजचं सगळं मशीन लर्निंग उभं आहे. बारावीच्या लॉजिकच्या धड्यात स्विचिंग सर्किट येतात. दोन स्विच एकापुढे एक जोडले की 'आणि', समांतर जोडले की 'किंवा'. क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात हीच सांगड घातली आणि डिजिटल सर्किटचं शास्त्र सुरू झालं. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण माझा जीव इंडक्शनमध्ये अडकलेला आहे. मराठीत त्याला गणिती विगमन म्हणतात. पोरं इंडक्शनच म्हणतात, आणि आजीला वाटतं शेगडीबद्दल चाललंय.

त्या 'चीटिंग'चं काय ते बघू.

संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षाच्या रांगेत उभे राहा. रांग वळणं घेत मागे गेलेली, पुढचं टोक दिसत नाही. तुमचा नंबर कितवा? मोजायला जाल तर जागा जाईल. मग समोरच्याला विचारा, "तुमचा कितवा?" त्यालाही ठाऊक नाही, तो त्याच्या पुढच्याला विचारतो. प्रश्न असा सरकत सरकत रिक्षाशी पोचतो. तिथली बाई म्हणते, "माझा पहिला." तिच्या मागचा एक मिळवून म्हणतो, "दुसरा." उत्तर उलट्या वाटेने एकेक वाढत तुमच्यापर्यंत येतं. 'अडतिसावा,' समोरचा म्हणतो, म्हणजे तुम्ही एकोणचाळिसावे.

यात कोणी रांग मोजली? कोणीच नाही. प्रत्येकाने दोनच गोष्टी पाळल्या. पुढे कोणी नसेल तर 'पहिला' म्हण. असेल तर त्याला विचार आणि एक मिळव. कॉम्प्युटरच्या भाषेत याला रिकर्शन म्हणतात. पण सगळ्यांना मिळणारं उत्तर बरोबरच असेल, याची खात्री कशी द्यायची? तर पहिलीचं उत्तर बरोबर आहे, हे डोळ्यांना दिसतं. आणि समोरच्याचं बरोबर *असेल, तर* एक मिळवून माझंही बरोबरच. हेच ते गणिती विगमन! पुस्तकातल्या 'क साठी (म्हणजे कुठल्यातरी एका क्रमांकासाठी) खरे मानू' याचा अर्थ 'क साठी खरं आहे' असा नाही. समोरचा खरं बोलतोय असं मी म्हणतच नाही. तो खरं बोलला तर माझ्या हातून चूक होणार नाही, एवढीच हमी देतो. आपण सिद्ध करतो तो दोन माणसांमधला सांधा. सांधा प्रत्येक ठिकाणी सारखाच, म्हणून तो एकदाच तपासला की पुरतं. रांग दहा जणांची असो की दहा लाखांची.

पुस्तकातलं उदाहरण घ्या. पहिल्या क विषम संख्यांची बेरीज क × क होते. पहिली एकच संख्या, १, बेरीज १ × १. ठीक. आता क संख्यांची बेरीज क × क आली असं समजा. पुढची विषम संख्या २क + १. ती मिळवली की क × क + २क + १, म्हणजेच (क + १) × (क + १). सांधा पक्का. दोन ओळींत अनंत विधानं सिद्ध झाली. अनंत! मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि मुलं मात्र हे तीन मार्कांसाठी पाठ करतात.

या पद्धतीला 'गणिती विगमन' हे नाव रूढ करणारा माणूस ऑगस्टस डी मॉर्गन. १८३८ सालच्या त्याच्या लेखात ते येतं. बारावीच्या लॉजिकमध्ये ज्याचे नियम आहेत तोच हा, आणि जन्माने मदुराईचा, १८०६ चा. म्हणजे वगळलेल्या दोन्ही धड्यांत एकाच माणसाचा हात आहे.

सांधा तपासायचा कशाला, दहा-वीस उदाहरणं करून बघितली की झालं, असं वाटणाऱ्यांसाठी एक नमुना. स × स + स + ४१ यात स च्या जागी ० घाला, ४१ येतात, मूळ संख्या. १ घाला, ४३, मूळ. २ घाला, ४७, मूळ. असं ३९ पर्यंत सलग चाळीस वेळा मूळ संख्याच येते. आणि ४० ला १६८१ येतात, म्हणजे ४१ × ४१. फुस्स. खंडेनवमीला लॅपटॉपला हळदकुंकू लावतात, ती हौस मला आवडते. पण 'मागच्या तीन सॉफ्टवेअर रिलीजला नारळ फोडला होता, काही बिघडलं नाही' असं एखाद्या इंजिनिअरने गंभीरपणे सांगितलं की मला हे ४१ आठवतात. तीन वेळा काय, चाळीस वेळा जमलं तरी नियम होत नाही. 'वैदिक गणिता'च्या क्लासचे फलक लावणाऱ्यांबद्दलही बोलून घेतो. ती सूत्रं १९६५ साली छापलेल्या पुस्तकातली आहेत, वेदांत ती सापडत नाहीत. आणि झटपट गुणाकार हे तर असं काम आहे, की जे कॉम्प्युटरला आपल्याकडून शिकायची मुळीच गरज नाही.

आता थोडं खोलात. माझी आई शिक्षिका होती. सहामाहीनंतर घरी पेपरांचा गठ्ठा यायचा आणि तो हजेरी नंबराने लावायचं काम माझ्याकडे. समजा ६४ पेपर. मी सगळ्यांत लहान नंबर शोधून बाजूला ठेवायचो, मग उरलेल्यांतला लहान, असं करत. याला ६३ + ६२ + … + १, म्हणजे २०१६ तुलना. (दहावीची अंकगणिती श्रेढी इथे कामाला आली.) आई म्हणायची, असं नको. गठ्ठा दोन भागांत कर, अर्धा तू लाव, अर्धा ताई लावेल, मग दोन्ही एकत्र करू. ताई अर्थातच तिचा अर्धा पुन्हा अर्धा करायची. आईला माहीत नव्हतं, पण हा मर्ज सॉर्ट. १९४५ साली जॉन फॉन नॉयमनने कॉम्प्युटरसाठी लिहिलेला. ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा सहा पायऱ्या, आणि जास्तीत जास्त ३२१ तुलना. चौसष्टांत फरक किरकोळ वाटेल. दहा लाख नोंदी घ्या. माझ्या पद्धतीला सुमारे ५० हजार कोटी तुलना, आईच्या पद्धतीला सुमारे २ कोटी. सेकंदाला १० कोटी तुलना करणारं यंत्र असेल, तर एकीकडे पाचवा भाग सेकंद, दुसरीकडे ८३ मिनिटं. या 'सहा पायऱ्या' म्हणजेच ६४ चा पाया २ चा लॉगरिदम. लॉगची कोष्टकं आठवतात ना? तोच लॉग.

पण ही पद्धत प्रत्येक वेळी बरोबरच लावेल कशावरून? एका पेपरचा गठ्ठा लावलेलाच असतो, ही रांगेतली पहिली बाई. आता माना, की ६४ पेक्षा लहान कुठलाही गठ्ठा ही पद्धत नीट लावते. मग दोन्ही अर्धे नीट लागले. उरलं ते एकत्र करणं. दोन्ही हातांत एकेक लावलेला गठ्ठा, वर लहान नंबर. दोन्हींचे वरचे पेपर बघायचे, लहान असेल तो टेबलावरच्या थप्पीच्या शेवटी ठेवायचा. प्रत्येक पावलानंतर एक गोष्ट खरी राहते. टेबलावरची थप्पी क्रमात आहे, आणि हातातल्या कुठल्याही पेपरचा नंबर टेबलावरच्या कुठल्याही नंबरपेक्षा लहान नाही. सुरुवातीला टेबल रिकामं, तेव्हा खरं. एका पावलाआधी खरं असेल तर पावलानंतरही खरं, कारण दोन वरच्यांतला लहान तो हातातल्या सगळ्यांत लहान. हात रिकामे झाले की थप्पी पूर्ण. म्हणजे विगमनाच्या पोटात आणखी एक विगमन! बाहेरचं गठ्ठ्याच्या आकारावर, आतलं पावलांवर. आतल्या त्या न बदलणाऱ्या विधानाला लूप इनव्हेरियंट म्हणतात. इथे कोणी गळाला असेल तर पत्त्यांचा कॅट काढून करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

हे कागदावरचे खेळ नाहीत. पॅरिसची १४ क्रमांकाची विनाचालक मेट्रो १९९८ साली सुरू झाली, तिच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर 'बी मेथड' नावाच्या पद्धतीने गणिताने सिद्ध करून लिहिलं होतं. सुरुवातीला स्थिती सुरक्षित, आणि प्रत्येक पाऊल सुरक्षित स्थितीतून सुरक्षित स्थितीतच नेतं. पुन्हा तोच सांधा. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांखाली धूळ खात उभा असतो तेव्हा मी याचाच विचार करतो, दुसरं करायलाही काही नसतं.

आणि तरी इतकं करूनही फसगत झालेली आहे. २००६ साली गूगलमधल्या जोशुआ ब्लॉकने जाहीर केलं, की त्यानेच जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या लायब्ररीत (तयार कोडच्या साठ्यात) लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे लावलेला गठ्ठा निम्मा-निम्मा करत नंबर शोधण्याच्या पद्धतीत, सुमारे नऊ वर्षं एक चूक लपून होती. मर्ज सॉर्टमध्येही तीच चूक होऊ शकते, हेही त्याने सांगितलं. चूक कुठे, तर गठ्ठ्याचा मध्य काढताना! पहिला क्रमांक अधिक शेवटचा क्रमांक, भागिले दोन. यात काय चुकणार? सिद्धताही बरोबर होती. पण जावा असे क्रमांक ठेवते त्या ३२ बिटांच्या, म्हणजे ३२ शून्य-एकांच्या, खणात सगळ्यांत मोठी संख्या बसते ती २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. तिच्यात एक मिळवला की स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखी उलटते, आणि थेट उणे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८ होते. गठ्ठा १०७ कोटींच्या वर गेला, की दोन क्रमांकांची बेरीज या भिंतीवर आपटते आणि मध्य उणे निघतो.

मला यात चुकीपेक्षा तिचं कारण आवडतं. १८८९ साली ज्युसेप्पे पेआनो या गणितज्ञाने नैसर्गिक संख्यांचे मूळ नियम लिहून काढले. प्रत्येक संख्येला पुढची संख्या असते, आणि पुढे जात जात कधी परत पहिल्या संख्येवर येत नाही. विगमन हाही त्यातलाच एक नियम. आपली सिद्धता या संख्यांवर उभी होती. यंत्रातल्या संख्या त्या नव्हेतच. त्यांची रांग सरळ नाही, गोल आहे. उपाय एका ओळीचा. पहिला क्रमांक अधिक, दोघांमधल्या अंतराचा निम्मा. बेरीज भिंतीपाशी जातच नाही.

हे सगळं मी त्या दोघींना जिन्यात उभं राहून सांगितलं. बोर्डवालीचं 'चीटिंग' मागे घेऊन झालं होतं. सीबीएसईवाली मात्र 'गोल' शब्दावर अडकली. "काका, रिक्षाची रांगच गोल असेल तर? पहिलं कोणीच नाही."

"मग प्रोग्रॅम लिही आणि चालवून बघ," मी म्हटलं.

रात्री तिचा मेसेज आला. पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता, पहिल्या बाईची ओळ गाळून. प्रत्येक जण पुढच्याला विचारतोय, उत्तर द्यायला कोणी नाही. हजाराच्या आसपास पायथॉनने हात टेकले. त्याची तेवढीच मर्यादा ठरवून दिलेली असते. खाली तिने लिहिलं होतं, "उद्या तिचं बोर्डाचं पुस्तक दोन दिवस मला मिळेल का, तुम्ही विचाराल?"