महापालिकेची खुली माहिती वापरायची असेल तर : परवाना, पात्रता आणि अर्ज

सांगलीत पावसाळा सुरू झाला की आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी हा घरोघरचा विषय होतो, आणि ४० फूट म्हणजे इशारा व ४५ फूट म्हणजे धोका हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. समजा, इथल्या काही विद्यार्थ्यांनी ठरवले की किती फुटांना सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी शिरते, किती फुटांना दत्तनगरमध्ये येते आणि जवळचे निवारा केंद्र कोणते, हे दाखवणारा नकाशा मोबाइलवर द्यायचा. आकडे तर सरकारी संकेतस्थळांवर दिसतात; मग ते उचलून वापरायला हरकत काय, असा प्रश्न त्यांना पडेल. हरकत बहुतेक वेळा नसते, परंतु ती कुठे असते आणि परवानगी कोणाकडे मागायची हे आधी समजून घेतले, तर पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात.

सर्वांत आधी माहिती कोणाची आहे हे पाहावे. नदीची पातळी आणि निळी व लाल पूररेषा (म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या नकाशावरील रेषा) हा जलसंपदा विभागाचा विषय आहे, हवामानाचा अंदाज भारतीय हवामानशास्त्र विभागाचा, तर प्रभागांच्या हद्दी, नाले आणि मालमत्ता कराच्या नोंदी सांगली मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेकडे असतात. एकाच नकाशात तीन कार्यालयांची माहिती आली, तर तिघांच्या अटी स्वतंत्रपणे पाळाव्या लागतात. अर्ज चुकीच्या दारात नेऊन ठेवण्याचे प्रकार बहुधा याच ठिकाणी घडतात.

केंद्र सरकारने २०१२ मध्ये राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण व सुलभता धोरण आणले आणि २०१७ मध्ये ‘शासकीय खुला डेटा परवाना – भारत’ अधिसूचित केला. हा परवाना मुळात केंद्र सरकारच्या यंत्रणांनी सार्वजनिक पैशातून तयार केलेल्या, संवेदनशील नसलेल्या माहितीसाठी आहे. त्यामुळे महापालिकेची प्रत्येक यादी आपोआप त्याखाली येते असे समजू नये. महापालिकेने ती राष्ट्रीय डेटा पोर्टलवर या परवान्यासह दिली असेल, किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर तसे जाहीर केले असेल, तरच तो लागू धरावा. पुणे महापालिकेने खुल्या माहितीचे स्वतंत्र पोर्टल सुरू केले आहे. तिथली माहिती घेतानाही त्या त्या माहितीसंचासोबतची परवान्याची ओळ वाचावी आणि तिची तारखेसह प्रत जपून ठेवावी.

या परवान्याखाली माहिती वापरण्यासाठी पात्रतेची वेगळी अट नाही. विद्यार्थी, पत्रकार, व्यापारी, कंपनी, कोणीही ती विनामूल्य घेऊ शकतो, तिचे भाषांतर करू शकतो, तिच्यावरून नवे उत्पादन बनवू शकतो आणि कायदेशीर असेल तर त्यातून पैसेही मिळवू शकतो. त्या बदल्यात माहिती देणारी संस्था, मूळ स्रोत, परवान्याचे नाव आणि माहितीचा संकेतस्थळावरील पूर्ण पत्ता ठळकपणे नमूद करावा लागतो. आपल्या कामाला महापालिकेची मान्यता आहे असा भास निर्माण करता येत नाही, आणि महापालिकेचे बोधचिन्ह तर या परवान्यात समाविष्टच नाही. व्यक्तिगत माहितीलाही तो लागू होत नाही. म्हणून कराच्या यादीत मालमत्ताधारकांची नावे दिसली, तरी ती आपल्या नकाशावर चढवू नयेत. अट मोडल्यास वापराचा हक्क आपोआप संपतो, मात्र चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर तो परत मिळतो.

एका अटीकडे सांगलीकरांनी विशेष लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. माहिती अचूक असेल किंवा पुढेही अखंड मिळत राहील याची हमी हा परवाना देत नाही. पुराच्या रात्री सहा तासांपूर्वीची पातळी ताजी म्हणून दाखवणारा नकाशा एखाद्या कुटुंबाला घरातच थांबवून ठेवू शकतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी नोंदीची तारीख आणि वेळ दाखवावी, आणि नवी नोंद आली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे.

परवान्याचा उल्लेखच नसेल, तर १९५७ चा कॉपीराइट कायदा लक्षात घ्यावा लागतो. महापालिका कायद्याने स्थापन झालेली संस्था असल्यामुळे तिने करून घेतलेल्या नकाशांवर, अहवालांवर व छायाचित्रांवर, वेगळा करार नसल्यास, तिचा हक्क असतो. निव्वळ तथ्यावर, म्हणजे एखाद्या दिवशी पाणी किती फूट होते यावर, कोणाचाही कॉपीराइट नसतो. परंतु तयार नकाशा जसाच्या तसा उचलणे ही वेगळी गोष्ट आहे. अशा वेळी आयुक्तांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करावा. त्यात कोणती माहिती हवी, ती कुठे आणि कोणत्या स्वरूपात वापरणार, वापर व्यावसायिक आहे का आणि श्रेय कोणत्या शब्दांत देणार हे लिहावे. सोबत ओळखपत्राची प्रत, संस्था असल्यास नोंदणी प्रमाणपत्र आणि हव्या असलेल्या पानांची छापील प्रत जोडावी. अर्ज आवक-जावक विभागात देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी मिळालेल्या होकारावर काम सुरू करू नये.

माहिती प्रसिद्धच झालेली नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग आहे. हा अधिकार नागरिकांना असल्याने अर्ज संस्थेऐवजी व्यक्तीच्या नावाने करावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्प लावूनही भरता येते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुरावा जोडल्यास ते माफ असते. कारण सांगण्याची गरज नाही. माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते, त्यामुळे ‘तक्त्याच्या मूळ संगणकीय फाइलच्या स्वरूपात’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर छापील पानांचा गठ्ठा हाती पडतो आणि प्रत्येक आकडा पुन्हा टंकित करावा लागतो. मात्र अशी मिळालेली माहिती वाचण्याचा हक्क आणि ती पुन्हा प्रकाशित करण्याचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तयार नकाशा किंवा अहवाल हाती आला, तर वर सांगितलेला परवानगीचा अर्ज तरीही करावा.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ते आले नाही किंवा नकार मिळाला, तर पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि तिथेही समाधान न झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील दाखल करता येते. सांगली जिल्ह्याची अपिले आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातात, आणि तिथे मूळ अर्जाची शिक्का असलेली पोच सोबत जोडावी.