जहाजांच्या धुराड्याकडे नियमांचं लक्ष गेलं, तेही उशिरा

जहाजांचं प्रदूषण म्हटलं की बराच काळ समुद्रावरचा तेलाचा तवंगच डोळ्यांपुढे यायचा. १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हा टँकर इंग्लंडजवळ खडकावर आदळला, हालचाली सुरू झाल्या आणि १९७३ मध्ये जहाजांचं प्रदूषण रोखण्यासाठीचा मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात तेल, रसायनं, सांडपाणी, कचरा सगळं आलं, हवा राहिली. हवेसाठीचं सहावं परिशिष्ट १९९७ मध्ये मंजूर झालं आणि लागू व्हायला २००५ उजाडलं.

मोठ्या जहाजांचं नेहमीचं इंधन म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर उरलेला साका. तापवल्याशिवाय तो पाइपातून सरकतही नाही, आणि त्यात गंधक भरपूर. परिशिष्टाने गंधकाला पहिली मर्यादा घातली ती ४.५ टक्क्यांची. बाजारातलं बहुतेक तेल आधीच त्याहून कमी गंधकाचं, त्यामुळे हा नियम नावापुरताच! २०१२ मध्ये ३.५ टक्के आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के झाले. खरा फरक पडला तो या शेवटच्या टप्प्याने.

बंदरशहरांना एवढं थांबणं परवडणारं नव्हतं. धक्क्याला लागलेल्या जहाजाचं मुख्य इंजिन बंद असलं, तरी विजेसाठी जनरेटर आणि वाफेसाठी बॉयलर चालूच असतात. त्यांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचे पुढे हवेतच सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. युरोपीय संघाने २०१० पासून धक्क्यावरच्या जहाजांना ०.१ टक्क्याचं बंधन घातलं. हाँगकाँगमध्ये २०११ साली काही जहाज कंपन्यांनी आपणहून स्वच्छ इंधन वापरायला सुरुवात केली. कायदा २०१५ मध्ये आला. त्याच वर्षी बाल्टिक, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत चालत्या जहाजांनाही ०.१ टक्का लागू झाला. भूमध्य समुद्राची पाळी मे २०२५ मध्ये आली.

गंधकाच्या नियमांचा गुण लगेच दिसतो, कारण टाकीतलं तेल बदललं की धूर बदलतो. हवेतल्या व्हॅनेडियमवरूनही ते कळतं: हा धातू जड तेलातून येतो, आणि नियम कडक झाले तिथे तो घटला.

नायट्रोजन ऑक्साइडचं तसं नाही. ते इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत तयार होतात, नुसतं तेल बदलून भागत नाही, म्हणून नियम नव्या जहाजांपुरते. सर्वांत कडक पातळी उत्तर अमेरिकेत २०१६ नंतर आणि बाल्टिक व उत्तर समुद्रात २०२१ नंतर बांधणी सुरू झालेल्या जहाजांना. जुनी जहाजं पंचवीसेक वर्षं सहज चालतात. शिवाय ही पातळी गाठणारी बरीचशी यंत्रणा धूर पुरेसा तापलेला असेल तरच काम करते, आणि बंदराजवळ वेग मंदावला की धूर नेमका थंडावतो.