सोंड आखूड झाली आणि रुपया फसला

१९११ सालचा चांदीचा रुपया कधी हाती लागला, तर पंचम जॉर्जच्या चेहऱ्याकडे नाही, झग्याकडे बघा. भिंग लावून. छातीवरच्या माळेत एक बारकं जनावर दिसेल. तो हत्ती आहे. ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या किताबाच्या माळेत हत्ती असतात, म्हणून तो तिथे आला. पण सोंड इतकी आखूड उठली की लोकांना डुक्कर दिसलं. गणपती करायला जाऊन मारुती होतो म्हणतात. इथे प्रकरण मारुतीवरही थांबलं नाही. मुसलमान समाजात संताप उसळला, बाहेर न पडलेले बरेचसे रुपये वितळवले गेले आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीला ठळक सोंड मिळाली.

हे चित्र घडवणारा बर्ट्राम मॅकेनल काही नवशिका नव्हता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची पदकं या ऑस्ट्रेलियन शिल्पकाराचीच. मला तरी हा दोष हाताचा कमी आणि मापाचा जास्त वाटतो.

रुपयाचा व्यास जेमतेम साडेतीस मिलिमीटर. पूर्वी कोरक भिंगाखाली थेट पोलादावर, नाण्याच्याच मापात कोरत. पुढे लहान करणारं यंत्र आलं. कागदावरच्या रेखाटनावरून आधी ताटाएवढा प्लास्टरचा उठाव करायचा, त्याची धातूची कडक प्रत काढायची आणि ती यंत्रावर फिरत ठेवायची. एक बोथट सुई तिच्यावरचे चढउतार चाचपत जाते. त्याच दांड्याला जोडलेलं पातं पलीकडे तेच चढउतार पोलादात छोटे करून कोरतं. सुईच्या टोकालाही जाडी असते, त्यामुळे तिच्याहून अरुंद खाच तिला कळतच नाही. शिवाय रुंदीबरोबर उंचीही घटते. ताटावर डौलदार दिसणारी सोंड नाण्यावर केसाएवढी उरते.

कागदावर पेन्सिलीने सावली देता येते. नाण्यावर सावली पाडतो तो उजेड, आणि त्यासाठी उतार लागतो. मग उठाव वाढवावा? अमेरिकेत ऑगस्टस सेंट-गॉडन्सने १९०७ मध्ये वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यासाठी तेच केलं. नाणं देखणं झालं, पण साच्याच्या खोल खळग्यांत सोनं पूर्ण शिरायला एकेका नमुन्यावर अनेक ठोके घालावे लागले. टांकसाळीला हवा असतो एकच ठोका, आणि चित्र कडेच्या खाली राहायला हवं, नाहीतर नाण्यांची चळत उभी राहत नाही. शेवटी टांकसाळीने उठाव चपटा केला. सेंट-गॉडन्स तोवर वारला होता.

रुपया फार झिजलेला असेल तर माळेतलं जनावर ओळखू येत नाही. मग साल वाचायचं. १९११ असलं, की तो डुकराचाच.