एकाच चॅनलवर एवढं सगळं? ब्रिटिश टीव्हीच्या भरगच्च दिवसामागची गोष्ट

२ नोव्हेंबर १९८२ ला ब्रिटनमध्ये चॅनल फोर सुरू झालं. दुपारी पावणेपाचला पहिला प्रोग्राम लागला तो काउंटडाउन, अक्षरं आणि आकड्यांचा खेळ, मूळ आयडिया फ्रेंच टीव्हीवरची आणि शूटिंग लीड्सला. मग त्याच संध्याकाळी व्यायामाचा प्रोग्राम, सात वाजता जवळजवळ तासभर बातम्या, नंतर लिव्हरपूलच्या एका साध्या कॉलनीतली ब्रुकसाइड ही मालिका, रात्री वॉल्टर नावाची फिल्म ज्यात इयन मॅकेलनने बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचं काम केलंय (बघताना जीव कासावीस होतो), आणि तिच्यामागोमाग मुलांच्या साहसकथांची टर उडवणारी कॉमेडी. सगळं एका चॅनलवर, एका दिवशी. आज आपल्याकडे बातम्यांचं चॅनल वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं, सिनेमाचं वेगळं, त्यामुळे हे वाचताना नवल वाटतं, पण तिकडे ही मिसळ आपोआप झालेली नव्हती, त्यासाठी कमिट्या बसल्या, कायदे झाले, भांडणं झाली.

सुरुवात बरीच मागे आहे. बीबीसीची टीव्ही सेवाही २ नोव्हेंबरलाच सुरू झाली, पण १९३६ साली, उत्तर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून. तेव्हा सिग्नल लंडन आणि आसपासच पोचायचा, सेट महाग, प्रेक्षक मूठभर. चॅनल एकच, मग नाटक, नाच, बातमीपट, बागकाम, सगळं त्यातच बसवायला लागायचं. पण नुसती अडचण होती म्हणून असं झालं नाही, बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांनी रेडिओच्या काळातच ठरवून टाकलं होतं की माहिती, शिक्षण आणि करमणूक ही तिन्ही कामं आपली. पैसा लायसन्स फीमधून, म्हणजे घरात सेट ठेवायचा तर भरायच्या फीमधून यायचा म्हणजे सगळेच भरणार, तर सगळ्यांसाठी काहीतरी असायलाच हवं, इतका साधा हिशोब होता तो. आपले पु. ल. देशपांडे बीबीसीत टीव्हीचं ट्रेनिंग घेऊन आले होते आणि दूरदर्शनच्या अगदी पहिल्या दिवसांत दिल्लीत होते. पुढे १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा शेतीचा कार्यक्रम, गजरा, बातम्या सगळं एकाच संध्याकाळी दिसायचं, त्याची मुळं शोधायला गेलात तर एक धागा तिकडे पोचतोच.

१९५५ ला आयटीव्ही आलं, जाहिरातींवर चालणारं, आणि बीबीसीला पहिल्यांदाच कॉम्पिटिशन मिळाली. तरीही दिवस सलग नसायचा. संध्याकाळी सहा ते सात स्क्रीन चक्क बंद ठेवायचे म्हणजे लहान मुलांना झोपवता येईल, ही पद्धत फेब्रुवारी १९५७ मध्ये संपली. एकूण किती तास प्रोग्राम दाखवायचे यावर सरकारी बंधन होतं ते तर १९७२ पर्यंत चाललं.

मला स्वतःला सगळ्यात रंगतदार भाग वाटतो तो बीबीसी टूचा. १९६२ ला सरकारने नेमलेल्या पिल्किंग्टन कमिटीने रिपोर्ट दिला की पुढचं चॅनल बीबीसीला द्या, आणि २० एप्रिल १९६४ ला त्याचं उद्घाटन ठरलं. त्याच संध्याकाळी बॅटरसी पॉवर स्टेशनला आग लागली, पश्चिम लंडनची लाइट गेली, टेलिव्हिजन सेंटर अंधारात, सगळे मोठे प्रोग्राम रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता प्ले स्कूल हा छोट्यांचा प्रोग्राम लागला आणि चॅनलचा पहिला ठरलेला प्रोग्राम होण्याचा मान त्याला मिळाला. पण खरी चूक लाइटची नव्हतीच, शेड्यूलची होती. आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाला एक विषय असं त्यांनी ठरवलेलं, म्हणजे एक संध्याकाळ पूर्ण शिक्षणाची, एक पूर्ण रिपीट प्रोग्रामची, वगैरे. कागदावर नीटनेटकं, पण ज्याला शिक्षणात रस नाही तो त्या दिवशी इकडे फिरकणारच नाही ना. काही महिन्यांतच ही योजना गुंडाळली.

१९६५ ला डेव्हिड अ‍ॅटनबरो या चॅनलचे कंट्रोलर झाले, तेच आपण जंगलांच्या डॉक्युमेंटरीत बघतो ते. त्यांचा काळ बघितला की कळतं मिसळ कशी करायची असते. रग्बी लीगच्या मॅचेस, २६ भागांची फोरसाइट सागा ही कौटुंबिक मालिका, १९६७ च्या जुलैत विम्बल्डनपासून रंगीत प्रक्षेपण, मग केनेथ क्लार्क यांची पाश्चात्त्य कलेवरची १३ भागांची सिव्हिलायझेशन, आणि त्याच वर्षी म्हणजे १९६९ ला पॉट ब्लॅक ही स्नूकरची स्पर्धा. स्नूकर का, तर रंगीत टीव्ही दाखवायला रंगीत बॉलसारखी स्वस्त आणि चांगली गोष्ट नाही! म्युझियममधली चित्रं आणि क्लबमधलं स्नूकर एकाच चॅनलवर, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही, हे मला फार मोठं काम वाटतं. १९७१ पासून ओपन युनिव्हर्सिटीची लेक्चर्सही टीव्हीवर आली, म्हणजे नोकरी करून डिग्री घेणारा माणूस आपला तास टीव्हीसमोर बसून करायचा.

चौथ्या चॅनलचा वाद मात्र वर्षानुवर्षं चालला. आयटीव्हीच्या कंपन्यांना ते आपल्याला हवं होतं, आणि स्वतंत्र निर्माते म्हणत होते की मग आम्ही जायचं कुठे. १९७७ च्या अ‍ॅनन कमिटीच्या (हीपण सरकारनेच नेमलेली) रिपोर्टने निर्मात्यांना बळ दिलं. वेल्समध्ये तर वेल्श भाषेचं चॅनल देण्याचं आश्वासन सरकारने फिरवल्यावर वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनफोर इव्हान्स यांनी १९८० ला आमरण उपोषणाची घोषणा केली, सरकार नमलं, आणि तिथलं एस फोर सी हे वेल्श चॅनल, चॅनल फोरच्या एक दिवस आधी सुरू झालं. १९८० च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं की आयटीव्हीवर ज्यांची आवड भागत नाही त्यांच्यासाठी चॅनल फोरने प्रोग्राम द्यायचे आणि नवे प्रयोग करायचे. पैशाची व्यवस्था तर फारच हुशारीची, चॅनल फोरवरच्या जाहिराती आयटीव्हीच्या कंपन्या विकणार आणि चॅनल चालवायला पैसे देणार, त्यामुळे कमी लोक बघतील असा प्रोग्राम लावला म्हणून तिजोरीला लगेच खड्डा पडत नसे. आणि प्रोग्राम स्वतः बनवायचे नाहीत, बाहेरून बनवून घ्यायचे.

पहिले प्रमुख जेरेमी आयझॅक्स यांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली. आपल्यासाठी जवळची गोष्ट म्हणजे १९८४ पासून तिथे बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे कमिशनिंग एडिटर (कोणते प्रोग्राम बनवून घ्यायचे ते ठरवणारे) होते फारुख धोंडी, पुण्यात जन्मलेले, पुण्यात शिकलेले आणि मग केंब्रिजला गेलेले. लंडनमधल्या एका कृष्णवर्णीय न्हाव्याच्या दुकानावरची डेसमंड्स ही कॉमेडी त्यांच्या काळातली. याच चॅनलने नसरीन मुन्नी कबीर यांच्याकडून हिंदी सिनेमावरची मूव्ही महल मालिका आणि लता मंगेशकरांवरची सहा भागांची डॉक्युमेंटरी करून घेतली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तर चक्क कबड्डी दाखवली. लताबाई आणि कबड्डी ब्रिटिश चॅनलच्या मुख्य शेड्यूलमध्ये, हे आठवलं तरी अभिमान वाटतो.

नंतर चित्र बदललं. १९९० च्या कायद्यामुळे १९९३ पासून चॅनल फोर आपल्या जाहिराती स्वतःच विकायला लागलं, म्हणजे प्रेक्षकसंख्येची काळजी थेट घरात आली. २००२ ला बीबीसीने मुलांसाठी दोन डिजिटल चॅनल काढली, कला आणि विचारांसाठी बीबीसी फोर काढलं, आणि २०१२ च्या अखेरीस बीबीसी वनवरचा मुलांचा दुपारचा वेळ कायमचा बंद झाला. सोय झाली हे खरं, पण बातम्यांची वाट बघताना मुलांचा प्रोग्राम नजरेला पडणं, किंवा मॅचनंतर टीव्ही चालू राहिला म्हणून नाटक बघून होणं, हे त्यात गेलं आणि मला त्याचं वाईट वाटतं. २०२२ ला चॅनल फोर विकायचंच सरकारने ठरवलं होतं, जानेवारी २०२३ ला तो बेत सोडला. २०२४ च्या मीडिया कायद्याने चॅनल फोरला स्वतः प्रोग्राम बनवायची परवानगीही दिलीय, मालकी अजून सरकारीच आहे आणि नवे प्रयोग करायची कायदेशीर जबाबदारीही. काउंटडाउन अजून लागतं, दुपारीच.