टेक्सासमध्ये डुक्कर आणि हरणाची शिकार: एच-१बी वाल्यांनी रायफलीआधी कुठले कागद जमवायचे

ऑक्टोबर उजाडला की डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडच्या आपल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. "पहिल्यांदाच शिकारीला चाललोय, रायफल कुठली घेऊ?" ऑफिसातला एखादा सहकारी आपल्या रँचवर बोलावतो. तिथे रानडुकरांनी रात्रीत कुरण नांगरल्यासारखं उकरून ठेवलेलं असतं, आणि ते बघून आपल्याला गावाकडचा भुईमूग आठवतो. मग शनिवारी दुकानात चक्कर, काउंटरवरची रायफल खांद्याला लावून बघणं, एखादा फोटो.

या फोटोपाशीच गडबड होते. रायफलीचं पुढे सांगतोच, पण तुम्ही एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आधी कागदांचं वाचा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांना पुढचे दोन परिच्छेद लागू नाहीत, तरी वाचावेत, कारण रायफल मित्राच्या हातात देणारे बहुधा तेच असतात.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार, नॉन-इमिग्रंट, म्हणजे अशा तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. फक्त विकत घेण्याला बंदी आहे असं नाही, बाळगण्यालाच आहे. गाडीच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूसही त्यात आलं. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा, मुदत न संपलेला शिकार परवाना जवळ असणं. म्हणजे २५ डॉलरचा तो परवाना तुमच्यासाठी निव्वळ शिकारीचा नाही, बंदुकीला हात लावण्याचाही आहे.

आता टेक्सासची मेख बघा. १ सप्टेंबर २०१९ पासून इथे खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, रात्रीही चालतं. रँचवाला सांगतो, "परवान्याचं काय घेऊन बसलास, डुकरांना लागतच नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याला लागत नाहीच. पण तुम्ही एच-१बीवर असाल आणि परवाना नसेल, तर डुकराची शिकार राज्याच्या कायद्यात बसते आणि हातातली रायफल केंद्राच्या कायद्यात गुन्हा ठरते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय शस्त्राचा गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. डुक्कर मारण्यासाठी परवाना घ्यावा लागणारा टेक्सासमधला माणूस म्हणजे आपण, असं समजा.

हे नुसतं भीती घालणं नाही. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसावर आलेल्या एका तरुणाला विद्यापीठाने काढून टाकलं, त्याचा स्टेटस, म्हणजे देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा, गेला, आणि नंतर तो नेमबाजीच्या रेंजवर दोन बंदुका चालवून आला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. २०१९ च्या या रेहैफ खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की आपला स्टेटस गेलाय हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. पण तिथवर जायला लागलेली वर्षं कोणी परत देत नाही. यातून आपल्यासाठी एक गोष्ट निघते. नोकरी गेली, त्यानंतर मिळणारी साठ दिवसांची सवलत संपली आणि स्टेटस उरला नाही, तर शिकार परवान्याचा अपवादही कामाचा नाही, कारण तो कायदेशीर स्टेटसवाल्यांसाठीच आहे. त्याआधीच रायफल आणि काडतुसं परवानाधारक दुकानदाराला विकून मोकळं व्हावं. ग्रीन कार्डाचा अर्ज मध्येच अडकलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.

शिकार परवाना: कोणाला, कितीला

परवाना टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं. त्यांच्या संकेतस्थळावर, फोनवर किंवा खेळसामानाच्या मोठ्या दुकानांत काउंटरवर मिळतो. अर्ज करण्याआधी सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त टेक्सासमध्ये राहत असाल तर तुम्ही 'रहिवासी'. नागरिकत्वाचा इथे संबंध नाही. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. त्यावर 'लिमिटेड टर्म' छापलेलं असतं म्हणून कोणी कमी लेखत नाही. लायसन्स नसेल तर वीजबिलं, पगाराच्या पावत्या, टॅक्स रिटर्न, गाडीची नोंदणी यांतून राहण्याचे पुरावे जुळवावे लागतात. सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर तो विचारतात.

रहिवाशाचा साधा शिकार परवाना सध्या २५ डॉलर. मासेमारीसह सगळं एकत्र हवं तर सुपर कॉम्बो ६८ डॉलर. नुकतेच आलेले, सहा महिने न झालेले लोक अनिवासी, आणि हरणासाठी त्यांना ३१५ डॉलर. अनिवाशांचा ४८ डॉलरचा पाच दिवसांचाही परवाना आहे, पण त्यात हरिण येत नाही. शिवाय सहाव्या दिवशी तुमच्याकडे परवाना नसतो. रायफल मात्र असते. स्वस्त पडतं म्हणून हा घेऊन रायफल खरेदी करू नका.

हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र वेगळं. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं, म्हणजे जवळजवळ आपल्या सगळ्यांना. वय १७ पूर्ण असेल तर सगळं ऑनलाइन होतं. तेवढा वेळ नसेल तर १० डॉलर भरून एकदाच, त्या हंगामापुरती सूट घेता येते, पण मग प्रमाणपत्रधारक अनुभवी शिकारी सोबत लागतो. माझं मत विचाराल तर कोर्सच करा. बंदुकीचं तोंड कुठे असावं, जखमी सावजामागे किती वेळाने जावं, हे आपल्याकडे घरात कोणी शिकवलेलं नसतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची परंपराच थांबली. आजोबांची बारा बोरची पीकसंरक्षणाची बंदूक बघितली असेल, एवढंच.

तारखा आपल्याला लक्षात ठेवायला फार सोप्या आहेत. परवान्याचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट, आणि नव्या वर्षाचे परवाने विक्रीला येतात १५ ऑगस्टला. कधीही घेतलात तरी ३१ ऑगस्टला संपतो. जुलैत घेतलेला परवाना वर्षभर चालेल असं समजून सप्टेंबरभर कपाटात रायफल ठेवणारे मी पाहिलेत. झेंडावंदन झालं की त्याच दिवशी नवा घ्या, मध्ये एक दिवसाचीही फट पडत नाही.

दुकानातला फॉर्म ४४७३

परवाना खिशात ठेवूनच काउंटरवरची रायफल उचला. पसंत पडली की दुकानदार बंदूक खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ पुढे करतो. रायफलीसाठी वय १८ पूर्ण लागतं, पिस्तुलासाठी २१. सोबत काय न्यायचं: सध्याच्या पत्त्याचं फोटो ओळखपत्र, शिकार परवाना, ताजा आय-९४ (देशात प्रवेशाची सरकारी नोंद) आणि पासपोर्ट. घर बदललं असेल आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल, तर नव्या पत्त्याचा सरकारी कागद जोडीला हवा. गाडीचं रजिस्ट्रेशन चालतं, खासगी कंपनीचं वीजबिल सरकारी कागदात बसत नाही. पोस्ट बॉक्स अजिबात नाही.

नाव लिहिताना आपल्या लोकांची हमखास फजिती होते. फॉर्मला पूर्ण मधलं नाव हवं. आपल्या पासपोर्टात वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव बऱ्याचदा 'गिव्हन नेम' मध्येच घुसवलेलं असतं, लायसन्सवर मधलं नाव म्हणून येतं आणि ऑफिसात कुठेच नसतं. ओळखपत्रावर जसं आहे अगदी तसं लिहा. आय-९४ चा ११ अक्षरांचा नंबर शेवटच्या प्रवेशाचा असायला हवा. दिवाळीला घरी जाऊन आलात तर नंबर बदललेला असतो. इथे राहूनच एच-१बी वाढवून घेतला असेल, तर आय-७९७ या मंजुरीच्या कागदाच्या खालच्या भागात आय-९४ येतो, तो कागद सोबत ठेवा.

नॉन-इमिग्रंट व्हिसावर आला आहात का, या प्रश्नाला 'हो'. त्यापुढे अपवादात बसता का, याला 'हो'. पहिल्या प्रश्नाला 'नाही' ठोकून काम लवकर उरकेल असं वाटतं, पण खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. दुकानदार परवान्याची नोंद करून प्रत जोडून घेतो. एका दुकानात काउंटरवरच्या पोराला हा अपवादच माहीत नव्हता. "व्हिसावाल्यांना आम्ही देत नाही" म्हणाला. वाद घातला नाही, दुसऱ्या दुकानात गेलो. विकायचं की नाही हे शेवटी दुकानदार ठरवतो. मात्र कंटाळून ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घेण्याचा मार्ग काढू नका. खरा खरेदीदार कोण, हा फॉर्ममधला महत्त्वाचा प्रश्न आहे.

मग एफबीआयची तपासणी. नागरिकांना बहुधा काही मिनिटांत 'प्रोसीड' मिळतं. आपल्या बाबतीत इमिग्रेशनची नोंदही पडताळतात, त्यामुळे 'डिलेड' आलं तर घाबरू नका. तीन कामकाजाचे दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर कायद्याने दुकानदार रायफल देऊ शकतो, तरी बरेच जण पक्कं उत्तर येईपर्यंत थांबतात. शुक्रवारी रायफल घेऊन शनिवारी रँच, असा बेत आखू नये.

आता रायफल

हरिण आणि डुक्कर दोन्हीसाठी एकच घ्यायची असेल तर .३०८ विंचेस्टर काडतुसाची, दर बारानंतर हाताने दांडा ओढायची साधी बोल्ट अ‍ॅक्शन. काडतुसं कुठेही मिळतात, आणि म्हाताऱ्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेची ढाल असते, तिथून १५० ते १६५ ग्रेन वजनाची सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची) गोळी आरपार जाते. धक्का नको वाटत असेल तर ६.५ क्रीडमूर, त्याहून मऊ .२४३. टेक्सासमध्ये हरणाला रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसणारं, काडतूस चालत नाही, म्हणजे .२२ बाद. .२२३ सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसणारी) असल्याने कायद्यात बसते, पण नवशिक्याने तिच्या भरवशावर हरणाला जखमी करून सोडू नये.

ब्रँडपेक्षा अंगाला बसते का ते बघा. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसला तर जमली. कडेला काळी सावली आली किंवा मान ताणावी लागली, तर दस्ता लांब किंवा आखूड आहे. डोळा दुर्बिणीला चिकटवून बार काढलात तर धक्क्याने भुवईवर चंद्रकोर उमटते, आठवडाभर ऑफिसात सगळे विचारतात. दुर्बीण ३ ते ९ पट, ४० मिलिमीटरची पुरे. हरिण सांजावताना बाहेर पडतं, त्यामुळे पैसे वाढवायचेच तर काचेवर वाढवा. रात्री डुकरं मारायला थर्मल, म्हणजे उष्णतेवरून सावज दाखवणारी दुर्बीण लागते, ती रायफलीच्या कितीतरी पट महाग. पहिल्या वर्षी यजमानाचीच वापरा.

रेंजवर १०० यार्डांवर निशाणी जुळवल्याशिवाय रानात नेऊ नका. कानाला संरक्षण हवंच. डुक्कर सोलताना रबरी हातमोजे घाला, कारण डुकरांतून ब्रुसेलोसिस हा जंतूंचा आजार माणसाला होतो. सरकारी शिकार जमिनीवर जाणार असाल तर ४८ डॉलरचा वार्षिक पब्लिक हंटिंग परमिट आणि झगझगीत नारंगी कपडे लागतात: एकूण ४०० चौरस इंच, त्यातलं १४४ छाती-पाठीवर दिसेल असं, आणि टोपीही नारंगी. तिथे डुकरालाही परवाना लागतो. खासगी जमिनीवर नारंगीची सक्ती नाही, मी घालतो.

मालकाची संमती लेखी घ्या, निदान मेसेज तरी. झाडाच्या बुंध्यावर उभा जांभळा पट्टा दिसला की ती हद्द. पाटी नसली तरी इथल्या कायद्यात त्याचा अर्थ आत येऊ नका असाच आहे.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. परवान्यासोबत मारलेल्या हरणाला लावायचे पाच टॅग येतात, नर जास्तीत जास्त तीन, पण प्रत्येक काउंटीची मर्यादा निराळी. काही काउंट्यांत नराच्या शिंगांची आतली रुंदी १३ इंच किंवा जास्त हवी, नाहीतर एखादं शिंग बिनफाट्याचं हवं. हरिण पडलं की फोटोच्या आधी टॅग: महिना आणि तारखेचे चौकोन सुरीने कापून काढायचे, पेनाने खूण चालत नाही. मग परवान्याच्या मागे नोंद. रक्ताने हात ओले व्हायच्या आत हे उरकावं, कागद पातळ असतो.

घरी रायफल कुलपात. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर टेक्सासमध्ये तो पालकाचा गुन्हा. आणि पुण्याहून आलेले आईबाबा बी-२ या पर्यटक व्हिसावर असतात, म्हणजे तेही त्याच बंदीत. त्यांच्या हातात रायफल देऊन फोटो काढला तर देणाराही अडकतो. बाबांना ब्लाइंडमध्ये, म्हणजे शिकारीच्या आडोशात, शेजारी बसवा, गळ्यात साधी दुर्बीण द्या. खुद्द रायफल धरायची हौस असेल, तर तो पाच दिवसांचा ४८ डॉलरचा परवाना त्यांच्या नावाने आधी काढा आणि सहाव्या दिवशी कुलपाची किल्ली तुमच्याकडे ठेवा.