काजूच्या पेढीतला हिशेब: रोजकीर्दीपासून जीएसटीपर्यंत

वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यात काजू बी घेणाऱ्या पेढ्यांत संगणक केव्हाच आला. तरी मोसम संपताना ‘गोदामात माल किती?’ असं विचारलं की उत्तर गोदाम सांभाळणाऱ्याच्या खिशातल्या वहीतूनच येतं. कारण सरळ आहे. पेढीत आलेली प्रत्येक नवी पद्धत पैशासाठी किंवा करासाठी आली, मालासाठी आली नाही.

या किनाऱ्याला लेखी व्यापाराची सवय जुनी आहे. डचांची वेंगुर्ल्यातली वखर १६३७ची. देशी पेढ्यांची भिस्त रोजकीर्द आणि खतावणीवर असे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसाचा व्यवहार आधी कीर्दीत, तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर, आणि संध्याकाळी हातातली रोकड कीर्दीच्या शिलकेशी जुळवायची. येणं-देणं ही पद्धत चोख सांगते. मालाची नोंद मात्र पोत्यांच्या आकड्यावर भागवली जाई. लोखंडाच्या किंवा कापडाच्या व्यापाऱ्याला ते चालतं. काजूवाल्याला नाही, कारण त्याचा माल गोदामात असतानाच बदलतो.

समजा, एप्रिलमध्ये १००० किलो ओली बी आली आणि तिच्यात १६ टक्के ओलावा आहे. उन्हात वाळवून तो ९ टक्क्यांवर आणला की उरतात साधारण ९२३ किलो. म्हणजे ७७ किलो घट, आणि त्यात चोरी नाही की मापात खोट नाही. पुढे उतारा. काजूच्या व्यापारात तो ८० किलो बियांमागे किती पौंड गर निघतो यावर मोजतात. ४६ पौंडांचा उतारा धरला तर या ९२३ किलोंतून सुमारे २४१ किलो गर मिळतो. तोही एकजिनसी नसतो: अख्खा गर, पाकळी, तुकडा. अख्ख्यातही डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडात २२० ते २४० गर आणि डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. दोन्हींचा भाव वेगळा. वहीत मात्र एकच ओळ: ‘काजू बी, इतकी पोती’. खरेदीचं वजन ओलं, वापराचं वजन सुकं, आणि ताळेबंदाच्या वेळी फरक ‘घट’ म्हणून एकदम टाकायचा. त्यात खरी गळती कुठे लपली, हे मग कोणालाच कळत नाही.

अशी लपलेली गळती शोधायला कामाचा प्रवाह कागदावर मांडून बघावा लागतो. ही रीत कारखान्यांत जन्मली. अमेरिकी अभियंते फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये प्रक्रिया-आलेख, म्हणजे कामाच्या टप्प्यांचं चित्र, मांडला. संगणकाच्या काळात, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, संगणक-प्रणालींचे अभ्यासक टॉम डीमार्को वगैरेंनी माहितीच्या प्रवाहाचे आराखडे रूढ केले. त्यांत चारच चिन्हं: बाहेरचा माणूस, प्रक्रिया, साठा आणि प्रवाह. पेढीसाठी हे साधन आजही उत्तम. वजनकाट्यावरची चिठ्ठी कुठे जाते, कोण ती वहीत उतरवतो, ती वही पुढे कोण वाचतो, एवढं काढलं तरी पुरे. ज्या साठ्यात नोंद जाते पण बाहेर काहीच येत नाही, तिथे बोट ठेवावं. वाळवणीची वही बहुधा अशीच निघते.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ला व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, आला. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बिलागणिक मिळू लागली आणि संगणकाची गरज हिशेबनिसाला जाणवली. गोदामाचा काटा त्यापासून लांबच राहिला.

१ जुलै २०१७च्या जीएसटीने मात्र काट्याजवळच प्रश्न उभा केला. न फोडलेली काजू बी शेतकऱ्याकडून घेतली, तर कर भरायचा तो नोंदणीकृत खरेदीदाराने, उलट आकारणीने. बिलही त्यानेच स्वतःच्या नावे बनवायचं. तीच बी गावोगाव फिरून गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली तर हा नियम लागत नाही. ‘विकणारा कोण’ हे फक्त काट्यावरच्या माणसाला ठाऊक असतं. चिठ्ठीवर नाव आणि वजन एवढंच असेल, तर हिशेबनीस सगळी खरेदी एकाच खात्यात टाकतो आणि विवरणपत्र चुकतं.

म्हणून चिठ्ठीत निदान पाच गोष्टी हव्यात: विकणारा शेतकरी की व्यापारी, ओलं वजन, ओलावा, भाव आणि लॉट (म्हणजे त्या खेपेचा) क्रमांक. वाळवणीनंतर त्याच लॉट क्रमांकावर दुसरं वजन चढवायचं. लॉट मिसळले की ही साखळी तुटते, म्हणून खळ्यावर प्रत्येक ढिगाजवळ त्याच्या क्रमांकाची पाटी लावावी.